मिरी, मी आणि दहा मीटर दोरी

गेल्या चैत्रातली गोष्ट. पुण्याच्या वेताळ टेकडीवर, वेताळाच्या देवळापाशी मिरीला, माझ्या कुत्रीला, पाणी पाजत बसले होते. ऊन अजून अंगावर आलं नव्हतं, पण खडकाने आदल्या दिवसाची ऊब धरून ठेवली होती. सहा-सात वर्षांची एक मुलगी आजोबांचं बोट सोडून जवळ आली, मिरी लपालपा पाणी पिताना बघत राहिली आणि म्हणाली, “काकू, हिला सोडत का नाही तुम्ही? इथे तर सगळं मोकळंच आहे.” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजोबा म्हणाले, “चावतात गं ही. म्हणून बांधून ठेवायचं असतं.” मिरीच्या कपाळापर्यंत आलेला तिचा हात मागे गेला. मिरीने मान वर करून त्या हाताकडे पाहिलं, हुंगायला नाक पुढे केलं, तोवर ती दोघं देवळाला वळसा घालून गेलीही होती.

मिरी कुणाला चावलेली नाही. पण आजोबांचा मला राग आला नाही. या शहरात कुत्रा चावलेलं एखादं माणूस प्रत्येकाच्या घरात किंवा चाळीत असतं, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की वाचणं जवळपास अशक्य, हे ज्याला माहीत आहे तो नातवंडाला जपणारच. मला टोचत राहिला तो मुलीचा प्रश्न. टेकडीवर सगळं मोकळं आहे, मग ही का बांधलेली? तिला मिळालेलं उत्तर खरं नव्हतं, आणि खरं उत्तर एवढं लांब होतं की ते देवळापाशी उभ्याउभ्या देता आलं नसतं.

आम्ही गोखलेनगरच्या बाजूने चढतो. त्या वाटेचा सगळ्यात अवघड भाग टेकडी सुरू होण्याआधी येतो. दोन गल्ल्या, त्यात कुत्र्यांच्या दोन टोळ्या, आणि त्यांच्या हद्दी आपल्याला न दिसणाऱ्या, पण मिरीला पक्क्या ठाऊक असलेल्या. एका विजेच्या खांबापाशी तिची शेपटी खाली जाते आणि पुढच्या दुकानाच्या पायरीपाशी परत वर येते. ती स्वतः अशाच एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर जन्मलेली. अंग भाकरीच्या रंगाचं आणि तोंड काळं, म्हणून मिरी. गल्लीतली कुत्री तिच्यावर भुंकतात तेव्हा मला कधी कधी वाटतं, तिच्या गळ्यात पट्टा आहे आणि त्यांच्या नाही, एवढाच काय तो फरक. आणि त्या एका फरकामुळे तिला टेकडी मिळाली, त्यांना कचऱ्याचा डबा. हा विचार मनात घेऊनच मी रोज चढायला लागते. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मग चढ सुरू होतो. आधी वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची दाटी, जिच्याखाली दुसरं काही फारसं वाढत नाही, आणि मग वर वर जाल तशी खरी टेकडी: मोई, सालई, हिवर, मध्येच एखादी गणेर, जिच्यावर पानं झडून गेलेली असताना पिवळीजर्द फुलं येतात. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास, म्हणजे पुणे शहरातल्या उंच जागांपैकी ही एक. खालच्या रस्त्यांपेक्षा दोन-अडीचशे मीटर वर. सह्याद्रीतले गडकिल्ले करणाऱ्यांना ही चढण चहाआधीची वाटते. पण हीच वाट कुत्र्याबरोबर चालून बघा. मिरीबरोबर ती लांबते, कारण ती वाट पायांनी चालतच नाही, नाकाने चालते.

मिरी येण्याआधीही मी बरीच वर्षं टेकडीवर जात होते. झपझप वर, देवळाला हात, झपझप खाली. तेव्हा माझ्यासाठी टेकडी म्हणजे चढ, घाम आणि वरून दिसणारं शहर. आता दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी तरी थांबतं म्हणून मलाही थांबावं लागतं, आणि थांबल्यावर दिसतं. मोराने धुळीत अंघोळ करून पाडलेला खळगा. दगडाच्या फटीत मुंगसाचं बीळ. सशाच्या गोल, कोरड्या लेंड्या, ज्यांच्यावर मिरी नाक ठेवते आणि डोळे अर्धे मिटून घेते. कुत्रं श्वास सोडतं तो नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून, त्यामुळे आत येणारा वास आणि बाहेर जाणारा श्वास एकमेकांत मिसळत नाहीत. तिच्या त्या भराभर हुंगण्याचा आवाज अगदी जवळ बसल्यावर ऐकू येतो. रात्री इथून कोण गेलं, कुठल्या दिशेने गेलं, ते नर होतं की मादी, हे सगळं तिला कळत असतं, आणि मी तिथे उभी राहून फक्त सूर्य किती वर आला ते बघत असते.

रंगांचं मात्र उलटं. कुत्र्याला निळा आणि पिवळा दिसतो. लाल त्याला मळकट, तपकिरीसारखा दिसतो. हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाईट वाटलं ते पळसासाठी. फाल्गुनात पळस पेटलेला असताना आम्ही त्याच्याखालून जातो, आणि तिच्यासाठी ते वाळक्या रंगाचं एक झाड असणार. पण मग वैशाखात बहावा फुलतो. तो तिला दिसतो, त्याच्या पुऱ्या पिवळेपणासकट. बहाव्याखाली ती थांबते, हे खरंच रंगामुळे की खाली पडलेल्या पाकळ्यांच्या वासामुळे, हे मी सांगू शकत नाही. पण ती तिथे थांबते, आणि त्या दिवसांत मी वाट मुद्दाम तिकडून काढते.

पहिल्या पावसानंतर मृगाचे किडे निघतात. लाल मखमलीचे ते ठिपके ओल्या मातीवरून संथ चालतात, आणि मिरी नाक अगदी त्यांच्या वर नेते, मग दोन पावलं मागे सरकते, परत पुढे. एकदाही तिने त्यांना तोंड लावलेलं मी पाहिलं नाही. त्या दिवसांत टेकडीला जो वास सुटतो तो मलाही येतो, माझ्या या अधू माणसाच्या नाकालाही. तिला तो कसा येत असेल?

आता टिटवीकडे येते, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर टिटवीपाशी आहे.

वरच्या पठारावर, जिथे गवत विरळ आणि मुरूम उघडा आहे, तिथे उन्हाळ्यात टिटव्या अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नसतंच. जमिनीत उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि त्यात बहुतेक चार अंडी, मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची, खड्यांमध्ये इतकी मिसळून गेलेली की पायाशी असली तरी दिसत नाहीत. मला ती कधीच दिसली नसती. एका सकाळी डोक्यावरून टिटवी ओरडत आली, परत वळली, पुन्हा आली, इतकी खाली की तिचे पिवळे पाय स्पष्ट दिसले. तिची जोडीदार थोड्या अंतरावर पंख फरफटवत चालत होती, जणू मोडलाय. मिरी ताणून उभी, तिचं सगळं अंग त्या मोडक्या पंखाच्या दिशेला. आणि दोरी माझ्या मनगटाला. पाच-सहा हातांवर ती अंडी होती. आम्ही आलो त्याच पावलांनी मागे गेलो.

त्यानंतर मी टिटवीबद्दल मिळेल ते वाचलं. भर उन्हात ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. दिवसभर हेच. टिटवी समुद्र आटवायला निघाली होती ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. पण खरी टिटवी समुद्र आटवत नाही, पाणी वाहून आणते. एप्रिलच्या दुपारी, सावली नसलेल्या मुरमावर. आणि कुत्रं येऊन नुसतं उभं राहिलं तरी तिला अंडी सोडून उडावं लागतं, आणि ती उडालेली असताना ऊन आपलं काम करत राहतं. चावणं, ओरबाडणं काहीच घडावं लागत नाही. मिरीसारख्या मायाळू कुत्रीने केवळ उत्सुकतेने केलेला एक फेरफटकाही तिथे जीव घेऊ शकतो. रातव्याचंही तेच, तितराचंही तेच. जमिनीवर संसार मांडणारे पक्षी कुत्र्याचा स्वभाव चांगला आहे की वाईट हे बघत नाहीत. त्यांना बघून चालणारही नाही.

एवढंच नाही. कुत्र्यांचे आजारही टेकड्यांवर आणि जंगलांत जातात. २०१८ मध्ये गीरमध्ये थोड्या दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले, आणि त्यांतल्या काहींच्या शरीरात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा आजार कुत्र्यांना नेहमी होणारा. आपल्या टेकडीवर सिंह नाहीत, मुंगसं आहेत. पण मिरीचं लसीकरणाचं कार्ड मी पासपोर्टइतकं जपते ते फक्त तिच्यासाठी नाही.

तर हे उत्तर. ते मला पटलेलं आहे, आणि तरीही ते घेऊन मी सुखाने चालत नाही.

बाबांचं गाव सासवडच्या पुढे. त्यांच्या लहानपणी दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागत, आणि जाता-येता शेतात मेंढ्या बसवत. शेतकरी त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य देत. त्या कळपांबरोबरच्या कुत्र्यांबद्दल बाबा अजून तपशिलाने सांगतात. उंच, हाडकुळी, कमी भुंकणारी. आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा, टोकं बाहेर काढलेला. लांडगा आला तर तो आधी गळा धरतो म्हणून. त्या पट्ट्याला दोरी कधीच नव्हती. पट्टा कुत्र्याला वाचवण्यासाठी होता, धरण्यासाठी नव्हता. मिरीला मी पहिल्यांदा हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, चढवला तेव्हा बाबा बराच वेळ गप्प बसून बघत होते. नंतर म्हणाले, “आमच्याकडे कुत्र्याला नव्हतं गं कुणी बांधत. त्याला काम असायचं.”

त्यात टोमणा नव्हता, पण मला ते लागलं. तेव्हापासून माझं लक्ष देवघरातल्या तसबिरींकडे जातं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांतल्या एकाच्याही गळ्यात दोरी नाही. खंडोबाच्या घोड्याच्या पायांपाशी कुत्रं धावत असतं, तेही मोकळंच. आपल्या देवांनी कुत्रं जवळ ठेवलं ते असं, त्याच्या मर्जीने. आणि मी मिरीला रोज क्लिप अडकवून देवाच्या दारात नेते. वेताळापुढे उभी राहते तेव्हा हे मनात येतं. पण दत्ताच्या पायाशी टिटवीची अंडी नव्हती, आणि खालून पन्नास लाख माणसांचं शहर वर चढत नव्हतं, हेही येतं. जेव्हा भोवती माळच माळ होता तेव्हा कुत्रं मोकळं असण्याची किंमत कुणाला फारशी द्यावी लागत नव्हती. आता जे काही उरलंय ते या एका टेकडीवर गोळा झालंय, ससा, मोर, तितर, टिटवी, फिरायला येणारे आजोबा, धावायला येणारी मुलं आणि मिरी. ही सगळी दाटी मिरीने केलेली नाही, पण तिची दोरी त्या दाटीतूनच आली आहे. हा हिशेब मला न्याय्य वाटत नाही, आणि दुसरा कुठला मला सुचतही नाही.

आणि ही टेकडीही आहे तेवढी राहीलच असं नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता, खालून बोगदे, ही नावं आता इथे चालणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतात. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले. ज्यांची मला फक्त कुत्र्यांच्या नावांनी ओळख आहे, शेरूचे बाबा, पर्लची आई, अशी माणसं या विषयावर एकमेकांना पहिल्यांदा आपली खरी नावं सांगताना मी पाहिली आहेत. जी म्हातारी माणसं पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून आणतात आणि उन्हाळाभर रोपांना घालतात, त्यांच्यातल्या एका काकांना कुत्री बिलकूल आवडत नाहीत. तरी पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या थाळ्यातून मिरीने पाणी प्यायलं तर ते काही म्हणत नाहीत, पुन्हा भरतात. मीही आता पाठीवर दोन लिटर जास्त नेते.

कुत्र्याला टेकडीवर नेणाऱ्यांनी एक ऋतू मात्र नीट ओळखून ठेवावा, तो पावसाळा संपतानाचा. आश्विनात गवत सोनेरी होतं, सकाळच्या तिरप्या उन्हात त्यावरून नजर हलत नाही, आणि त्याच गवतात कुसळं पिकलेली असतात. कुसळाचं टोक सुईसारखं, त्यामागे उलट्या वळलेल्या बारीक केसांचा झुपका, आणि लांब शेपटी जी ओल लागली की उलगडते, वाळली की पीळ घेते. त्या पिळाने बी स्वतःला जमिनीत रोवून घेतं. गवताने ही युक्ती मातीसाठी काढली, पण मिरीच्या बोटांमधली मऊ कातडी त्याला मातीच वाटते. एकदा शिरलं की ते पुढेच सरकतं, उलट्या केसांमुळे मागे येत नाही; मग तिथे गाठ होते, पू होतो, आणि कधी कधी डॉक्टरांना चिरा द्यावा लागतो. म्हणून त्या दोन-तीन महिन्यांत टेकडीवरून आल्यावर आम्ही दारातच बसतो. मिरी कुशीवर पडते आणि पंजा माझ्या मांडीवर ठेवते. एकेक बोट फाकवून बघायचं, मग काखा, मग कानांच्या आतल्या घड्या, मग शेपटीखाली. चिमटा हातात, बाजूला वाटीत मिठाचं पाणी. गोचिडी याच वेळी सापडतात, कानाच्या कडेला, तांदळाच्या कणीएवढ्या. त्यांच्यापासून येणारा ताप कुत्र्याला आठवड्यात पार मोडून टाकतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या, जेवण टाकलं, की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. उन्हाळ्यात आणखी एक: निघण्याआधी हाताची पालथी बाजू दगडावर टेकवून बघायची. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, बाकी सगळी आग जिभेवाटे बाहेर टाकायची असते. मे महिन्यात आम्ही सातच्या आत खाली असतो.

हा दारातला अर्धा तास मला चढण्याइतकाच आवडतो. तिच्या पंजांना तेव्हा वाळलेल्या गवताचा, मातीचा आणि थोडा भाजलेल्या पोळीचा वास येत असतो. ती डोळे मिटून घेते. दिवसभरात दुसरं कुणी माझ्यावर एवढा विश्वास टाकून स्वस्थ पडत नाही.

तर दोरीचं पुढे काय झालं ते सांगते. मी आखूड दोरी बदलून दहा मीटरची घेतली, सुताची, हातात जाडजूड लागणारी, ओली झाली की जड होणारी. माणसं दिसली की ती गुंडाळून मिरी पायाशी, आणि ते गेले की पुन्हा सैल. टिटव्यांच्या दिवसांत पठार पूर्ण सोडून द्यायचं, पायवाटेने खाणीच्या वरच्या अंगाने वळायचं. खाणीच्या पाण्यात मी तिला सोडत नाही; कडा सरळ तुटलेल्या आहेत. आणि एक नवी गोष्ट: देवळाच्या अलीकडे वाट फुटते तिथे मी थांबते आणि दोरी हातातून सैल सोडून उभी राहते. पुढे कुठे जायचं ते मिरी ठरवते. लॉ कॉलेजकडे, पाषाणकडे, की आल्या वाटेने परत. तिला किती मोकळं ठेवता येईल याची हद्द टिटवीने आखून दिली आहे, पण त्या हद्दीच्या आत दिशा तरी तिची असावी.

सुरुवातीला तिला हे कळायचंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी पण बसायचे, झाडांकडे बघत. मग हळूहळू तिने नाक वर करायला सुरुवात केली, वारा कुठून येतोय ते घेतल्यासारखं, आणि निघायची. बहुतेक वेळा निवड माझ्या सोयीची नसते. ऑफिसला उशीर होतो. तिच्या तोंडाभोवती आता पांढरे केस येऊ लागले आहेत, डॉक्टरांनी फार खडा उतार टाळायला सांगितलाय, तरी तिची निवड पुष्कळदा तीच असते, आणि तिथे मी पुढे होऊन तिला नागमोडी उतरवते.

परवा तिने पाषाणची वाट धरली. त्या बाजूने घरी यायला रिक्षा करावी लागते, आणि कुत्रं बघून तीन रिक्षावाले थांबले नाहीत. चौथा थांबला, म्हणाला, “बसा ताई, गावी आमचं पण आहे एक.” वाटभर तो त्याच्या कुत्र्याबद्दल बोलत होता, शेळ्यांबरोबर माळावर जातं, संध्याकाळी शेळ्यांच्या आधी घरी येतं. मिरी माझ्या मांडीवरून मान बाहेर काढून सगळा पाषाण रस्ता हुंगत होती. घरी पोचायला साडेनऊ झाले.